नागपुरातल्या छोट्या इ-बाईक दुकानदारांना खुलं पत्र: भाव पाडा, पण बॅटरीच्या डब्यातून पाडू नका

नमस्कार भाऊ लोक, अन् ताई लोकसुद्धा, कारण आता दोन-चार शोरूम बायकाच चालवून राहिल्या अन् हिशोबात त्याच जास्त पक्क्या आहेत.

हे पत्र मोठ्या कंपन्यांना नाही. त्यांचे काचेचे शोरूम, त्यांचे कॉल सेंटर, त्यांचं ते पाहून घेतील. हे पत्र सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत, मानेवाडा रोड, कामठी रोड, पारडी, हिंगणा टी पॉईंट, जिथं जिथं एक शटर, समोर चार-पाच लो-स्पीड (ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या) स्कूटर, बाजूला दोन इ-सायकली अन् वर "ना लायसन्स ना आरटीओ" असा फ्लेक्स लावून धंदा चालू आहे त्या सगळ्यांना आहे. मी गाड्या विकत नाही. मी बॅटरी, चार्जर अन् कंट्रोलर (मोटरला करंट सोडणारा डबा) दुरुस्त करतो. म्हणजे तुम्ही विकलेली गाडी वर्षा-दीड वर्षानं माझ्या टेबलावर येते अन् तुमच्या नावाच्या शिव्या गिऱ्हाईक माझ्या दुकानात उभं राहून देते. मला त्याचे पैसे भेटतात, त्यामुळं खरं तं माझी काही तक्रार नसायला पाहिजे, पण आता जास्तच होऊन राहिलं म्हणून लिहितो.

भावाचं काय चाललं आहे ते तुम्हालाच माहीत. एकानं पंचावन्न हजार लावले की समोरचा बावन्न लावतो, तिसरा एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव अन् वरून हेल्मेट फ्री, चौथा तं गिऱ्हाईकालाच विचारते की तुम्हाला कितीत भेटून राहिली ते सांगा, मी हजार कमी करतो. आता हा हजार तो आणणार कुठून? दुकानाचं भाडं कमी होत नाही, ट्रान्सपोर्ट कमी होत नाही, पोराचा पगार कमी केला तं पोरगं समोरच्या दुकानात जाते. बॉडी, फ्रेम, हेडलाईट, मीटर हे सगळ्यांचं जवळपास एकाच ठिकाणाहून येते, समोरचं स्टिकर बदललं की गाडीचं नाव बदलते, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. मंग उरली बॅटरी. सीटखाली बंद डब्यात, गिऱ्हाईकाला दिसत नाही, दिसली तरी समजत नाही, अन् गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा हिस्सा तोच. म्हणून कात्री तिथंच लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की भाव पाडा, बिनधास्त पाडा, धंदा आहे, पण बॅटरी कोणत्या जातीची, किती व्होल्ट, किती एएच (अँपियर-अवर, म्हणजे आत किती चार्ज मावते), आत किती सेल, चार्जर कोणता, हे पक्क्या बिलावर लिहून द्या अन् मंग किती पाडायचा तेवढा पाडा.

एक डबा उघडल्याचं सांगतो. दुकानाचं नाव सांगत नाही, विचारू पण नका. गाडी एका मेसवाल्या मावशीच्या पोराची, दिवसभर डबे पोचवायची. स्टिकरवर लिहिलेलं ६० व्होल्ट ३० एएच लिथियम. घेताना सांगितलं होतं एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर, चालत होती पन्नास. दुकानात गेला तं म्हणे तू ब्रेक जास्त मारतो. डबा मी काट्यावर ठेवला तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकली, कारण गणित सोपं आहे. या गाड्यांत बहुतेक ३२७०० साईजचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात, ६ एएचचे, एकाचं वजन साधारण १४० ग्रॅम. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे २० ओळीत जोडले की ६४ व्होल्ट, त्यालाच आपण बाजारात ६० ची बॅटरी म्हणतो. ३० एएच पाहिजे तं अशा पाच ओळी लागतात. वीस पंचे शंभर. शंभर सेलचं नुसतं वजन चौदा किलो, डबा, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट), वायरी वेगळ्या. हा अख्खा डबा लोखंडासकट तेरा किलो पण भरला नाही.

स्क्रू खोलले तं आत ऐंशी सेल. चार ओळी. पाचव्या ओळीच्या जागी थर्माकोल, अन् तो असा मापात कापलेला की कापणाऱ्याच्या हाताचं कौतुक करावं. बीएमएसचा तापमान मोजणारा सेन्सर असते ना, बारीक काळ्या वायरीचा, तो सेलच्या अंगाला चिकटलेला पाहिजे, तेव्हाच सेल तापला हे बीएमएसला कळणार अन् ते सप्लाय तोडणार. इथं ती वायर गोल गुंडाळून टेपनं झाकणाला लावून दिली होती. म्हणजे आत सेल भाजून निघाले तरी बीएमएस आपलं झाकणाचं तापमान पाहून निवांत.

आता किलोमीटरचं पाहू. ६४ व्होल्ट गुणिले ३० एएच म्हणजे १९२० वॉट-अवर, आपल्या भाषेत १.९ युनिट. ६४ गुणिले २४ म्हणजे दीड युनिट. लो-स्पीड स्कूटर, बसणारा एकच, रस्ते आपले हे असे, तं एका युनिटला पस्तीस ते चाळीस किलोमीटर जाते, त्याच्यावर कोणी सांगत असेल तं तो उतारावर चालवून आला. म्हणजे बॅटरी खरी ३० एएचची असती तरी गाडी सत्तर-पंचाहत्तर चालली असती, शंभर कोणत्याच जन्मात नाही. अन् दीड युनिटमध्ये पंचावन्न-साठ, जुनी झाली की पन्नास. पोरगा ब्रेक बरोबरच मारत होता.

म्हणून माझी पहिली सूचना ही की फ्लेक्सवरचे किलोमीटर काढूनच टाका. युनिट लिहा. "दीड युनिटची बॅटरी, भाव इतका", "दोन युनिटची, भाव इतका." लाईट बिल पाहून पाहून इथल्या शेंबड्या पोराला पण युनिट समजते. मंग गिऱ्हाईकाला दोन दुकानांतली गाडी खरी तोलता येईल, अन् ज्यानं पाचवी ओळ खरंच भरली त्याला आपले तीन-चार हजार जास्त का आहेत हे दोन वाक्यांत सांगता येईल. आत्ता त्याला ते सांगताच येत नाही, कारण समोरच्याच्या स्टिकरवर पण ३० च लिहिलं आहे.

लेड-ॲसिडवाल्यांनी, म्हणजे शिशाच्या बॅटरीवाल्यांनी, लगेच खूश होऊ नये, पण मी तुमच्या विरोधात नाही. उलट मला वाटते लेड-ॲसिडला उगाच बदनाम केलं आहे. रिटायर काका आहे, सकाळी अंबाझरीला फिरायला, मंग गोकुळपेठेतून भाजी, घरी परत, दिवसाचे दहा-बारा किलोमीटर, त्याला लिथियम कशाला पाहिजे? पाच बॅटऱ्यांचा सेट, खराब झाला की कोणत्याही बॅटरीवाल्याकडं भेटते, जुन्याचे भंगारात पैसे येतात, विझवता न येणारी आग लागायची भीती नाही. फक्त हे स्पष्ट सांगा की भाऊ, १२ व्होल्ट २८ एएचच्या पाच, कागदावर १.७ युनिट दिसते पण कामाचं सव्वाच्या आसपास पकडा, कारण लेड-ॲसिडमधून जोरात करंट ओढला की ती पूर्ण देत नाही अन् रोज तळापर्यंत रिकामी केली तं तिसऱ्या सिझनला मान टाकते. दीड-दोन वर्षानं सेट बदलावा लागेल, बारा-पंधरा हजार बाजूला ठेवा. हे सांगितलं तं काका पळून जाणार नाही. काका हिशोब करते, त्यानं आयुष्यभर तेच केलं आहे. तुम्ही मात्र सांगता "ग्राफीन". ग्राफीन म्हटलं की गिऱ्हाईकाला वाटते रॉकेटमधलं काहीतरी आहे. बाप्पा, या गाड्यांतल्या त्या ग्राफीन बॅटरीच्या आत शिसंच आहे, थोडा मसाला वेगळा, उचलून पाहा, कंबरेला कळते.

इ-सायकलींचं फार लिहित नाही, तिथं घोळ लहान आहे. ३६ व्होल्ट ७.८ एएच म्हणजे पाव युनिटच्या थोडं वर. पॅडल मारत चालवली तं मस्त चालते, नुसता थ्रॉटल पिळला तं वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये खेळ खलास. बॉक्सवर साठ लिहिलेलं असते ते पॅडल मारणाऱ्याचे पाय धरून असते, हे विकताना सांगून द्या, बस.

उन्हाळ्याचं मात्र बोलावंच लागेल, कारण हा माल बनवणारा कुठं बसला आहे माहीत नाही, पण विकणारे आपण नागपुरात बसलो आहोत. मे २०२४ मध्ये इथं ५६ डिग्रीची बातमी देशभर फिरली, मंग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता, झालं, सगळे हसले. पण २३ मे २०१३ चे ४७.९ तं कोणत्या बिघडलेल्या सेन्सरचे नव्हते. अन् हे सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली किती असेल ते हात लावून पाहा. लिथियम सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक ४५ डिग्री दिलेली असते. आता आपलं गिऱ्हाईक काय करते, दुपारी दोनला घरी येते, गाडी टिनाच्या शेडमध्ये लावते अन् लगेच चार्जर खोचते. लेड-ॲसिडचं पण तसंच, २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य जवळपास अर्धं होते हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. "उन्हातून आल्यावर तासभर थांबा, बॅटरी निघत असेल तं काढून घरात आणा, चार्जिंग रात्री किंवा पहाटे" हे तीन वाक्यांचं कार्ड छापून चावीला बांधायला किती खर्च येते? फ्री हेल्मेटपेक्षा कमीच. (अन् ते फ्री हेल्मेट, माफ करा, पण त्यात मी भजे पण ठेवणार नाही.)

चार्जरचा घोळ त्याच्याच पोटात आहे. ४८ व्होल्ट म्हणून तीन-चार प्रकारचे चार्जर बाजारात आहेत. एका ओळीत १३ सेलची एनएमसी (लिथियमचीच दुसरी जात) बॅटरी ५४.६ व्होल्टला भरते, १६ सेलची एलएफपी ५८.४ ला, लेड-ॲसिडचा चार्जर साधारण ५९ च्या आसपास जाते. पिन सगळ्यांची सारखी. गिऱ्हाईकाचा चार्जर जळाला, तुमच्याकडं त्याचा नव्हता, तुमच्या पोरानं "४८ आहे ना, चालते" म्हणून दुसरा दिला. एनएमसीच्या बॅटरीला ५९ वाला चार्जर लागला अन् बीएमएस स्वस्तातलं असलं तं काय होते हे मला लिहायचं पण नाही. चार्जरवर तुमच्या हातानं मार्करनं बॅटरीची जात अन् व्होल्ट लिहून द्या. मार्कर वीस रुपयाचा येते.

२०२२ मध्ये देशात जागोजागी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या तेव्हा केंद्रानं एआयएस-१५६ हे बॅटरीचं स्टँडर्ड कडक केलं, एक टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून अन् दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेलमध्ये अंतर, सेलच्या तारखेचा माग, जास्तीचे तापमान सेन्सर, पाणी न शिरणारा डबा, गडबड झाली की आवाज अन् लाईट. ते आहे रजिस्टर होणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्या लो-स्पीडवाल्यांना वाटते की आपण त्यातून सुटलो. कायद्यातून सुटले असाल, पण सेलला थोडी माहीत आहे की ही गाडी लो-स्पीड आहे म्हणून.

कायद्याचा विषय निघालाच तं आता गाडीचा वेग पंचवीसवर रोखून धरणाऱ्या त्या लॉक वायरबद्दल बोलून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम २ (यू), त्याच्यावरच तुमचा अख्खा फ्लेक्स उभा आहे. मोटरची अर्ध्या तासाची पॉवर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक अन् रिफ्लेक्टर बरोबर, अन् या सगळ्याचं मान्यताप्राप्त टेस्टिंग संस्थेचं सर्टिफिकेट, तं ती गाडी मोटार वाहनच धरली जात नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही. चांगली सवलत आहे. अन् आपण काय करतो, गिऱ्हाईक म्हणते पंचवीसमध्ये तं सायकलवाला पण ओव्हरटेक करते, तं तुमचा मेकॅनिक सीट उघडते, कंट्रोलरमधून निघालेली ती एक बारकी वायर तोडते किंवा जोडते, अन् गाडी पंचेचाळीसवर जाते. मोटरवर स्टिकर २५० वॉटचा, कंट्रोलर ओढते वीस अँपियर, ६० गुणिले २० म्हणजे बाराशे वॉट. चढावर मिनिटभर ओढलं तं मी समजू शकतो, नियमात म्हणूनच अर्ध्या तासाची पॉवर मोजतात, पण वर्धा रोडवर सरळ पट्ट्यात पंचेचाळीसनं सतत चालणारी गाडी २५० वॉटची आहे हे तुम्ही कोणाला सांगणार?

मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं अशाच गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती, आठवत असेल. तेव्हा आठ दिवस सगळ्यांच्या वायरी परत जागेवर गेल्या, मंग पहिलेसारखंच. मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२अ एकदा वाचा. नियमात न बसणारी गाडी विकणाऱ्या किंवा तशी बदलून देणाऱ्या डीलरला एका गाडीमागं एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. एका गाडीमागं तुम्हाला सुटतात किती, चार हजार? पाच?

अन् ही गाडी घेऊन कोण राहिलं ते पण पाहा. दहावी-अकरावीतली पोरगी, ट्युशनला जायला, लायसन्सचं वय नाही म्हणून तं बापानं ही गाडी घेतली. बापानं कायदा पाळायचा म्हणून घेतली! तुम्ही वायर तोडून दिली त्या मिनिटाला ती गाडी मोटार वाहन झाली, रजिस्ट्रेशन नाही, इन्शुरन्स नाही, चालवणारी अल्पवयीन. उद्या कोणाला धक्का लागला तं नुकसानभरपाई बापाच्या खिशातून, अन् वरून कलम १९९अ, पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद अन् पंचवीस हजार दंड. त्या बिचाऱ्याला हे माहीतच नाही. तुम्हाला आता माहीत आहे.

तुमची बाजू पण मला माहीत आहे, काउंटरवर बसून चहा पिता पिता रोज ऐकतो. गिऱ्हाईक भावाशिवाय काही विचारतच नाही. खरं आहे. आपला नागपूरचा माणूस पन्नास हजाराच्या गाडीत पाचशे रुपये सोडवायला तीन चकरा मारते अन् त्या पाचशेची तर्री पार्टी आठशेत करते. पण इतवारीच्या सराफ्यात पण हाच माणूस जाते ना? तिथं पण घासाघीस करते, मजुरीवर भांडते, पण बावीस कॅरेटच्या भावात अठरा कॅरेट घेऊन येत नाही, कारण बिलावर कॅरेट लिहिलं असते, दागिन्यावर हॉलमार्क असते, भांडण फक्त मजुरीचं होते. आपल्या लाईनमध्ये कॅरेटच लपवून ठेवलं आहे. मंग गिऱ्हाईक भाव सोडून दुसरं विचारणार तरी काय?

शिवाय नागपूरचं गिऱ्हाईक इलेक्ट्रिकच्या बाबतीत एकदा तोंड भाजलेलं आहे. मे २०१७ मध्ये देशातला इलेक्ट्रिक टॅक्सीचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच गावात सुरू झाला, फटाके, फोटो, सगळं झालं, मंग चार्जिंगच्या रांगा लागल्या, ड्रायव्हर लोक वैतागले. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणाला इलेक्ट्रिकचं सांगा, तो पहिले हसतेच. त्या माणसाला कसंबसं दुकानात आणायचं अन् थर्माकोल विकायचा, म्हणजे कमाल आहे.

बिलाचं सांगायचं राहिलं. इ-गाडीवर जीएसटी ५ टक्के, १ ऑगस्ट २०१९ पासून. सुटी बॅटरी घ्यायला गेलं तं १८ टक्के. त्यामुळं दुसऱ्यांदा बॅटरी विकताना सर्रास कच्ची पावती, नाही तं पावतीच नाही, "भाऊ जीएसटी वाचवून दिला तुमचा." अन् सहा महिन्यांनी तीच बॅटरी गेली की "बिल दाखवा, वॉरंटी बिलावर असते." हे ऐकून गिऱ्हाईकाचं तोंड कसं होते ते मी पाहिलं आहे. पहिलेच सांगून ठेवतो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विकणाऱ्यावरची जबाबदारी वेगळी लिहिलेली आहे, जिल्हा आयोगात पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पण लागत नाही, अन् १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन लावायला तं घरून उठावं पण लागत नाही. आतापर्यंत लोक आळसामुळं जात नव्हते. पोरं आता मोबाईलवर सगळं शोधून काढतात.

आता धंद्याचंच बोलतो, कारण नैतिकतेचे डोस तुम्हाला नको आहेत अन् मला पण द्यायचे नाहीत. स्वस्त या एकाच गोष्टीवर तुम्ही किती दिवस काढणार? लो-स्पीड गाडीला केंद्राची सबसिडी फेम-२ योजनेत लागली नाही, त्यानंतरच्या पीएम इ-ड्राइव्हमध्ये पण नाही, अन् तरी तुमची गाडी विकली जायची कारण रजिस्टर गाडी सव्वा लाखाची होती. २०२४ पासून मोठ्या ब्रँडच्या रजिस्टर गाड्या लाखाच्या आत येऊन बसल्या, काही तं बऱ्याच आत. २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, पेट्रोलवाली मोपेड-स्कूटर पण काही हजारांनी खाली आली. तुमचे मात्र ५ टक्के तिथल्या तिथंच. म्हणजे वरून पण दाबून राहिले, बाजूनं पण दाबून राहिले, अन् तुम्ही आपसात हजार-पाचशेसाठी एकमेकाची कॉलर धरून बसले.

मोठ्यांकडं जे नाही ते तुमच्याकडं आहे, अन् ते तुम्ही फुकट घालवून राहिले. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिली की तिकीट नंबर भेटते, गाडी नाही भेटत. तुमच्याकडं गिऱ्हाईक संध्याकाळी ढकलत आणते अन् त्याला सकाळी ड्युटीवर बुटीबोरीला किंवा एमआयडीसीला जायचं असते. त्याला रात्रीपुरती दुसरी बॅटरी द्या. दुकानात एक चालू बॅटरी फिरती ठेवली तं वर्षभराचा फ्लेक्सचा खर्च वाचेल, कारण तो माणूस कंपनीत दहा जणांना सांगते. कंट्रोलर, थ्रॉटल, डीसी-कन्व्हर्टर, ब्रेक लिव्हर हे तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे जवळपास सारखेच आहेत, फक्त कनेक्टरचा रंग वेगळा असते, तं पाच दुकानं मिळून स्पेअरचा एक साठा काहून ठेवत नाही? मला एका कंट्रोलरसाठी दिल्लीहून कुरियर मागवावं लागते अन् तोच कंट्रोलर मानेवाड्याच्या दुकानात धूळ खात पडला असते, हे मला नंतर कळते. भावावर भांडा, स्पेअरवर भाऊ-भाऊ राहा.

एक दुकानदार आहे, त्याचं पण नाव सांगत नाही, नाही तं तुम्ही त्याला ग्रुपमधून काढाल. त्यानं काउंटरवर भंगारवाल्याकडं असते तसा वजनकाटा ठेवला आहे. बॅटरी गिऱ्हाईकासमोर काट्यावर ठेवते, वजन बिलावर लिहिते, सेलची संख्या लिहिते, डब्यावर आपली सही करून सील लावते. त्याची गाडी बाजारापेक्षा साडेतीन-चार हजारानं महाग आहे. तो सगळ्यात जास्त विकते असं मी म्हणत नाही, दसऱ्याला त्याच्याकडं गर्दी कमीच असते, भावात गिऱ्हाईक जातेच. पण त्याचं अर्धं गिऱ्हाईक जुन्या गिऱ्हाईकानं पाठवलेलं असते, अन् वॉरंटीत बॅटऱ्या बदलून देण्यात जे तुमचे पैसे जातात ते त्याचे जात नाहीत. तुम्ही हजार कमी करून गाडी विकता अन् वर्षाच्या आत पॅक परत आला की आठ हजाराचे सेल टाकता, नाही तं फोन उचलणं बंद करता. दोन्हीत पैसे तुमचेच चालले आहेत, दुसऱ्या वाटेनं.

दसऱ्याचे फ्लेक्स छापायला जायच्या आधी हे वाचलं तं बरं होईल. किलोमीटरच्या जागी युनिट, लॉक वायर जागेवर, चार्जरवर मार्कर, अन् पक्क्या बिलावर बॅटरीची जन्मकुंडली. ज्याला आपल्या सप्लायरचा पॅक खरा किती एएचचा आहे हे पाहायचं आहे त्यानं माझ्याकडं आणून द्या, मी लोडवर लावून रिकामा करून किती निघते ते कागदावर लिहून देतो. दुकानदाराच्या पहिल्या पॅकचे पैसे घेणार नाही. दहा अँपियरवर ३० चा पॅक रिकामा व्हायला तीन तास लागतात, मंग परत भरायला चार-पाच, त्यामुळं सकाळी अकराच्या आत आणा, संध्याकाळी न्या, अन् चार्जर सोबत आणा, गाडीसोबतचाच आणा, दुसरा नको. सप्लायरसमोर तो कागद ठेवून भाव पाडायचा असेल तं तिथं पाडा, तिथं मी पण तुमच्या बाजूनं येऊन बसतो.

तुमचाच,
सक्करदऱ्याचा एक बॅटरीवाला